पेवातला कंदील आणि बारा चिठ्ठ्या

ताई, नमस्कार.

मी सांगलीत एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. यंदा पाडव्याला आम्ही घरच्या सहा जणांनी एक पण केला. वर्षभर कथा-कादंबरी बाजूला ठेवून बाकीच्या विषयांवरची पुस्तकं वाचायची. इतिहास, विज्ञान, अर्थकारण, कायदा, धर्म, आरोग्य, प्रवास, कला, भाषा, निसर्ग, चरित्र, यंत्र अशा बारा चिठ्ठ्या केल्या. दर महिन्याला प्रत्येकाने एक उचलायची, त्या विषयावरचं पुस्तक वाचायचं आणि संपलं की घरच्या व्हॉट्सअॅप गटावर बरोबरची खूण टाकायची. हिशेब माझ्याकडे.

आता आषाढ लागलाय आणि सगळं विस्कटलंय. नणंद पुण्याला नोकरीला असते, तिच्या एकटीच्या अकरा खुणा झाल्या. जाऊबाईंना अर्थकारण आलं. त्यांनी जाडजूड पुस्तक आणलं, चाळिसाव्या पानावर अडकल्या आणि गटातून बाहेर पडल्या. सासरे एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. चिठ्ठी कुठलीही येऊ दे, ते इतिहासच वाचतात. आमचे हे यशाचे मंत्र सांगणारी पुस्तकं वाचतात आणि एकच पुस्तक कधी आरोग्यात दाखवतात, कधी अर्थकारणात. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही, त्या नुसत्या ऐकतात. मागच्या महिन्यात नणंद आली होती आणि हवेवरच्या एका पुस्तकाबद्दल सांगत होती. मध्येच सासूबाईंनी जमिनीत खणलेल्या हळदीच्या खोल कोठाराबद्दल, म्हणजे पेवाबद्दल, विचारलं, "आमच्या हरिपूरला हळदीचं पेव उघडलं की माणूस उतरायच्या आधी कंदील का सोडायचे गं?" नणंद म्हणाली, "ते या पुस्तकात नाहीये, आई." विषय तिथेच संपला.

आणि एक कबुली. ज्येष्ठात मला विज्ञानाची चिठ्ठी आली होती. दहावीनंतर मी विज्ञानाचं पान उघडलेलं नाही. ती गुपचूप परत टाकली आणि चरित्राची उचलली. आता हिशेब ठेवण्याचाच कंटाळा आलाय. हे बंद करू का?

— एक वाचक, सांगली

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा सासूबाईंच्या प्रश्नापाशी थांबले. बंद करू नका. पाडव्यापासून तुमच्या घरात जे काही वाचलं गेलं, त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मला त्यांचंच वाटतं आणि ते ज्यांना अक्षर दिसत नाही त्यांच्या तोंडून आलंय. त्या कंदिलाकडे मी शेवटी येते. आधी हिशेबाचं बोलू, कारण तुमचा गाडा तिथे रुतलाय.

मी तीस वर्षं तालुक्याच्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसले. एका वर्षी आमच्याकडेही असाच उत्साह आला होता. दारात फळा लावला, वाचकांची नावं लिहिली आणि पुढे महिन्याला किती पुस्तकं वाचली त्याचे आकडे. फळा माझ्याच अक्षरात असायचा. पहिले दोन महिने गर्दी वाढली. मग कपाटासमोर उभं राहून लोक पुस्तकाची जाडी बघायला लागले. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांना खडकांचा नाद. भूगर्भावरचं एक पुस्तक महिना-महिना घरी ठेवायचे, परत आणताना त्यात खुणेचे कागद असायचे, आणि ते टेबलाशी उभे राहून मला बेसॉल्ट म्हणजे काय ते सांगायचे. आपल्या पायाखालचा हा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. फळ्यावर त्यांच्या नावापुढे एकचा आकडा असायचा. एक दिवस ते फळ्यापाशी थांबले, काही बोलले नाहीत, पुस्तक ठेवून गेले. पुढच्या वर्षी त्यांची वर्गणी आली नाही. तो फळा मी उतरवला, पण उशिरा. ते मला अजून लागून राहिलंय.

म्हणून पहिलं सांगणं, खुणा आजपासून बंद. "संपलं का?" हा कादंबरीला विचारायचा प्रश्न आहे. कादंबरी शेवटापर्यंत गेल्याशिवाय पुरी होत नाही. बाकीची बरीचशी पुस्तकं घरासारखी असतात. पाहुणा ओटीवर बसून चहा घेऊन गेला तरी तो येऊन गेलेलाच असतो, माजघर बघितलंच पाहिजे असं नाही. अनुक्रमणिका वाचा, हवं ते प्रकरण उघडा, शेवटची सूची असेल तर तिथून आत शिरा. प्रस्तावना कंटाळवाणी असेल तर सोडा.

आणि पुस्तकच हवं असाही हट्ट नको. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचं काम झालं, १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. आज त्यातल्या नोंदी मोबाइलवर फुकट वाचता येतात. एखाद्या महिन्यात घरात पाहुणे आले, परीक्षेचे पेपर तपासायला आले, तर विश्वकोशातली एक नोंद नीट वाचणं पुरे. एक नोंद समजून वाचलेली असली तर मी ती धावत वाचलेल्या तीनशे पानांच्या वर ठेवीन.

आता जाऊबाई. त्या चाळीस पानांवर अडकल्या म्हणून माझा जीव तुटला, कारण मला खात्री आहे की घरात अर्थकारण सगळ्यात जास्त त्यांनाच कळत असणार. तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्या भागात पस्तिशी-चाळिशीची बाई बचत गटात नसेल तर नवल. त्या गटात असतील तर ते जाड पुस्तक मिटून ठेवा आणि गटाची वही उघडा. गटात कर्ज बरेचदा शेकडा दोनने देतात, म्हणजे महिन्याला दोन टक्के. समजा एकीने दहा हजार घेतले आणि दहा महिन्यांत फेडायचे ठरले. व्याज सतत मूळ दहा हजारांवर धरलं तर महिन्याला दोनशे, दहा महिन्यांचे दोन हजार. पण ती दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडतेय, आणि व्याज उरलेल्या मुद्दलावर धरलं, तर पहिल्या महिन्याला दोनशे, दुसऱ्याला एकशे ऐंशी, तिसऱ्याला एकशे साठ, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याला वीस. बेरीज होते अकराशे. दर तोच, शेकडा दोन. फरक नऊशे रुपयांचा, आणि तो फरक बाईच्या पदरातून जातो. गावोगाव कर्ज वाटायला येणारी माणसं "फक्त एवढे टक्के" म्हणतात तेव्हा विचारायचा प्रश्न हाच असतो, की टक्के कशावर?

हे जाऊबाईंना सगळ्यांसमोर पाटीवर मांडू द्या. मग त्यांना आपसूक पुढचं हवंसं होईल. बँक वेगळा दर का लावते, चलनवाढ म्हणजे काय, रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने देते तो रेपो दर बदलते तेव्हा आपल्या हप्त्याला काय होतं. तेव्हा त्या जाड पुस्तकातलं व्याजाचं एक प्रकरण उघडा, तेवढंच. चाळीस पानं त्यांना जड गेली ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. लिहिणाऱ्याने जिथून सुरुवात केली तिथे त्या उभ्याच नव्हत्या. त्या वहीपाशी उभ्या होत्या. त्यांना गटात परत घ्यायला मात्र तुम्हीच जा, निरोप पाठवू नका. स्वयंपाकघरात, काम करता करता सांगा.

तुमच्या यजमानांबद्दल जरा कडक बोलते. वाचनालयात एका पुस्तकाला एकच वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा, मिळतो. पुस्तक एका वेळी दोन कपाटांत ठेवता येत नाही, म्हणून कुठेतरी मन घट्ट करून त्याची जागा ठरवावी लागते. पुस्तकं विषयवार लावायला आपण जी दशांश पद्धत वापरतो ती मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये आणली. सगळं ज्ञान दहा वर्गांत, शून्यापासून ९९९ पर्यंत. त्यात स्वतःला कसं सुधारावं, यश कसं मिळवावं या पुस्तकांना १५८ चं घर आहे, मानसशास्त्राच्या वर्गात. तेव्हा यजमानांची सगळी पुस्तकं एकाच घरातली. ती त्यांनी जरूर वाचावीत. थकून आलेल्या माणसाला कुणी "तू करू शकतोस" म्हटलं तर बरं वाटतं, त्यात कमीपणा नाही. पण बाकीच्या अकरा चिठ्ठ्या त्यांच्या पुस्तकाने भरू देऊ नका. त्यांना एक साधं काम द्या. त्या पुस्तकांत ज्या माणसाचं उदाहरण हमखास येतं, त्यापैकी एखाद्याचं खरं चरित्र वाचायला सांगा, आणि चार ओळींच्या बोधकथेत काय काय गाळलं होतं ते घरच्यांना सांगायला सांगा. बऱ्याचदा कर्ज गाळलेलं असतं, आजारपण गाळलेलं असतं, घर सांभाळणारी बायको तर नेहमीच गाळलेली असते.

ड्यूईचं नाव निघालंच आहे तर थोडं विषयांतर करते, कारण त्याचा तुमच्या चिठ्ठ्यांशी संबंध आहे. त्याच्या पद्धतीत धर्माला २०० ते २९९ हे शंभर आकडे आहेत. त्यातले बहुतेक ख्रिस्ती धर्माकडे गेले. हिंदू, बौद्ध, जैन, मुसलमान, ज्यू, पारशी हे सगळे २९० च्या दहा आकड्यांत कोंबलेले. नवीन होते तेव्हा आमच्या कपाटात ज्ञानेश्वरीवरच्या ग्रंथांना इतका लांब दशांश का लागतो, हे मला कळायचं नाही. मग कळलं की खण पाडणारा माणूस जिथे उभा असतो तिथून त्याला जवळचं मोठं दिसतं. आपल्याकडे शियाळी रामामृत रंगनाथन यांनी वेगळी पद्धत बांधली. ते मुळात गणित शिकवायचे, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला एक मला टेबलावर रोज उपयोगी पडला, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक.

तर तुमच्या चिठ्ठ्याही अशाच कुणीतरी उभं राहून पाडलेल्या आहेत. सांगलीत राहून तुम्ही बारा विषय काढले आणि त्यात शेती नाही! हळद, द्राक्षं, ऊस, बेदाणा यांच्या मधोमध घर आहे आणि शेतीची चिठ्ठी नाही. स्वयंपाकाचीही नाही. कमलाबाई ओगल्यांचं पुस्तक १९७० पासून घराघरांत आहे, वाटी-चमच्याचं माप धरून बायकांनी ते वापरलं, ते ललितेतर नाही तर काय आहे? दोन चिठ्ठ्या वाढवा. वर्ष चौदा महिन्यांचं झालं तरी कुणी दंड करणार नाही.

सासऱ्यांना इतिहासातून ओढून काढू नका. वयाच्या त्या टप्प्यावर माणूस ज्या कपाटापाशी रमतो तिथे त्याला रमू द्यावं, फक्त कपाटाचं दार थोडं जास्त उघडावं. प्रवासाची चिठ्ठी आली तर विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' हातात द्या. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक, घरावर कर्ज, म्हणून दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता. पुस्तक छापलं चिंतामणराव वैद्यांनी, १९०७ मध्ये. सासरे ते इतिहास म्हणून वाचतील. वाचून झाल्यावर त्यांना अर्थकारणाची चिठ्ठी द्या आणि तेच पुस्तक परत वाचायला सांगा. कुणी किती दक्षिणा दिली, कर्ज किती, लुटीत काय गेलं. ती वेगळीच वाट निघेल.

यंत्राची चिठ्ठी तर घरात त्यांच्याशिवाय कुणाला शोभेल? पण त्यांनाही नवीन काहीतरी हवं. त्यांना विचारा, डिझेल हे कुणाचं नाव आहे. रुडॉल्फ डिझेल नावाचा जर्मन अभियंता होता. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकावी लागते. याने हवा इतकी दाबली की ती तापूनच इंधन पेटावं. १८९७ मध्ये त्याचं इंजिन नीट चाललं. पैसा आला, गेला, आणि सप्टेंबर १९१३ मध्ये अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून हा माणूस रात्रीतून नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात प्रेत सापडलं. काय घडलं यावर आजही वाद आहे. ज्यांनी आयुष्यभर आगारात डिझेल इंजिनं उघडली, त्यांना हा इतिहास वाचायला मिळाला की ते आपोआप दाब, उष्णता, धातू इथपर्यंत येतील. मग ते सगळं घराला समजावून सांगायला त्यांच्याइतका चांगला मास्तर दुसरा नाही. बाकीच्यांनी पुस्तकातून काढायचं ते त्यांच्या हातांत आहे.

नणंदेवर रागावू नका. पुण्यात नोकरी करून एकटी राहणारी मुलगी अकरा पुस्तकं वाचते आणि प्रत्येकाची खूण घरच्या गटावर टाकते, त्यातली खूण हा मला घराशी बोलण्याचा बहाणा वाटतो. तिला आकडा नको असेल, कुणीतरी "काय वाचलंस?" असं विचारायला हवं असेल. तिच्याकडे निवडीचं काम द्या. पुण्यात तिच्या हाताशी १८४८ पासूनचं नगर वाचन मंदिर आहे, मोठी दुकानं आहेत. प्रत्येकाच्या चिठ्ठीला पातळ, सोपं, मोठ्या अक्षरातलं पुस्तक शोधायचं आणि येताना आणायचं. सगळ्यात जास्त वाचणाऱ्याने दुसऱ्यासाठी निवडावं. त्यात तिचा कस लागेल, कारण दुसऱ्यासाठी पुस्तक निवडताना आधी त्या माणसाला ओळखावं लागतं.

आता माझं मुख्य सांगणं. तुम्ही सहा जण वाचताय, पण एकेकटे वाचताय. संकल्प घरचा आहे, वाचन मात्र आपापल्या कोपऱ्यात. मग एकत्र कशाला हवं? याचं उत्तर मला देवघेवीच्या टेबलावर मिळालं. लोक पुस्तक परत करताना "छान आहे" म्हणायचे. तीस वर्षांत हजारो वेळा ऐकलं असेल. पण अधूनमधून एखादा माणूस पुस्तक उघडून, बोट ठेवून म्हणायचा, "मॅडम, हे पान काही कळलं नाही." मग रांगेतला दुसरा कुणी वाकून बघायचा, तिसरा बोलायचा, आणि रांग मोडून पाच माणसं त्या एका पानाभोवती उभी राहायची. मला ते दिवस आठवतात. एकट्याने वाचताना न कळलेलं पान आपण उलटतो. लाज वाटते म्हणून नव्हे, विचारायला कुणी नसतं म्हणून. चार माणसं एकत्र असली की ते पान मध्ये ठेवता येतं. त्यासाठीच सोबत.

तुमच्या घरात नेमकं उलटं झालंय. न कळलेलं लपवावं लागतंय. जाऊबाई न कळलेलं घेऊन गटाबाहेर गेल्या. यजमान न कळणाऱ्या विषयावर कळणारं पुस्तक झाकण म्हणून ठेवतात. सासरे वळतच नाहीत. तुम्ही चिठ्ठी परत टाकलीत. एकट्या सासूबाईंनी उघडपणे न कळलेलं विचारलं, आणि त्यांना उत्तर मिळालं की ते या पुस्तकात नाही.

म्हणून श्रावणापासून असं करून बघा. रविवारी संध्याकाळी अर्धा तास, नणंद फोनवर. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची जी त्याला नवीन सापडली, आणि एक जी कळली नाही. पुस्तक किती झालं हे कुणी कुणाला विचारायचं नाही. ज्याच्याकडे न कळलेलं काही नसेल त्याने त्या आठवड्यात फक्त ऐकायचं. न कळलेल्यांची एक वही करा, आणि ती वही तुम्ही सांभाळा. तो हिशेब ठेवायचा तुम्हाला कंटाळा येणार नाही, शिक्षिका आहात. वहीतल्या प्रश्नाचं उत्तर कुणालाही, कुठल्याही महिन्यात, कुठल्याही पुस्तकात सापडलं की त्यापुढे लिहायचं. काही प्रश्न वर्षभर तसेच राहतील. राहू द्या.

आणि सासूबाईंसाठी रोज पंधरा मिनिटं कुणीतरी मोठ्याने वाचा. श्रावणात पोथी लावायची पद्धत त्यांनी माहेरी पाहिलेली असणार. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी हातातल्या वाती वळत, वाटाणे सोलत ऐकायचं, मध्येच कुणीतरी "म्हणजे काय हो?" विचारायचं आणि वाचणाऱ्याने थांबून उलगडून सांगायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या कितीतरी बायकांनी ग्रंथ असेच ऐकून तोंडपाठ केले. तीच पद्धत विज्ञानाच्या पुस्तकाला लावली तर काय बिघडलं? मी लावून पाहिली आहे. माझ्या आईचे डोळे गेल्यावर तिला मी पक्ष्यांवरचं पुस्तक वाचून दाखवलं होतं. आयुष्यभर पाहिलेल्या पाखरांची नावं तिने ऐंशीव्या वर्षी जुळवली.

राहिली तुमची विज्ञानाची चिठ्ठी. ती परत घ्या. चोरी केल्यासारखं लिहिलंय तुम्ही, त्याची गरज नाही. शाळेने तुमच्या आणि माझ्या पिढीतल्या पुष्कळ मुलींना कला शाखेत बसवून विज्ञानाचं दार लावून घेतलं. पण तुम्ही दहावीनंतर विज्ञान वाचलं नाही हे खरं नाही. कृष्णाकाठी राहता. दर पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी तुम्ही पेपरात वाचता, चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका. २०१९ ला ती सत्तावन्नच्या वर गेली तेव्हा तुम्ही आकडा नुसता वाचला नाही, जगलात. आता त्याच आकड्याच्या आत एक पाऊल टाका. कोयनेतून इतके क्युसेक सोडले म्हणतात, तेव्हा एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर, दोन कळशांहून थोडं जास्त. आणि टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे शहाऐंशी हजार चारशे सेकंद धरले तर साडेअकरा हजार क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की साधारण एक टीएमसी होतं. कोयनेत साधारण एकशे पाच टीएमसी मावतं. हा गुणाकार एकदा स्वतः करून बघा. बातमी पुन्हा आधीसारखी वाचता येणार नाही.

पण हे तुमचं पहिलं पुस्तक नव्हे. पहिला तो कंदील.

हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे. वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्याने गेली. सासूबाईंनी जे पाहिलं ते आता बघायला मिळणं अवघड, म्हणून त्यांना आधी बोलू द्या आणि तुम्ही लिहून घ्या. तोंड कसं बंद करायचे, उघडल्यावर किती वेळ थांबायचे, कंदील विझला तर काय करायचे. सासऱ्यांचा इतिहास, जाऊबाईंचं अर्थकारण, सगळं त्या एका खड्ड्यात आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे कायद्याची चिठ्ठीही त्यातच.

उत्तर मी अर्धंच देते. ज्योतीला जळायला प्राणवायू लागतो, माणसालाही लागतो. बंद पेवात तो कमी होत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. हा वायू हवेच्या दीडपट जड, त्यामुळे तळाशी बसून राहतो, वरून दिसत नाही, वास येत नाही. कंदील खाली सोडल्यावर विझला तर माणसाने उतरायचं नाही. (आज मात्र नुसत्या कंदिलावर विसंबून कुणी विहिरीत, टाकीत, पेवात उतरू नये. ज्योत जळत असूनही जीव घेणारे वायू असतात.)

आता उरलेलं अर्धं. हळद पेवात जाते ती शिजवून, उन्हात खडखडीत वाळवून. ते कंद तर मेलेले, ते श्वास घेत नाहीत. मग आतला प्राणवायू खाल्ला कोणी? आणि तो संपल्यामुळे हळदीला कीड लागायची की उलट टळायची? विश्वकोशातली श्वसनाची नोंद काढा, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मधल्या सुट्टीत गाठा, नणंदेला धान्य साठवणुकीवरचं पातळसं काहीतरी शोधायला सांगा. वहीच्या पहिल्या पानावर हा प्रश्न सासूबाईंच्या नावाने लिहा.

सापडलं की आधी त्यांना सांगा, मग मला पत्र टाका. मीही वाट बघतेय.

तुमची,
देवघेवीच्या टेबलावरची ताई